बसची तूट आणि माझा एसी

आमच्या चाळीतला पहिला एसी मी आणला. मे २०१०. नायगावची दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, त्याच्यावर पत्रे, आणि आत मी, आई, बाबा आणि धाकटा भाऊ. दिवसभर लोअर परळच्या ऑफिसात स्वेटर घालून बसायचं आणि रात्री घरी येऊन ओल्या टॉवेलने मान पुसत झोपायचं, याचा मला जाम कंटाळा आला होता. पहिला धड म्हणावा असा बोनस हातात पडला आणि मी त्याच शनिवारी जाऊन एक टनाचा एसी बुक केला. आई म्हणाली, "अगं, आपलं दार तर दिवसभर उघडंच असतं." तिचा मुद्दा बरोबर होता. चाळीत दार बंद असलं की समजायचं, घरात एकतर भांडण झालंय नाहीतर मुलगी बघायला पाहुणे आलेत.

तरी एसी लागला. दोन-चार दिवस शेजारच्या काकू "जरा गारव्यात बसते गं" म्हणत कोथिंबीर निवडायला आमच्याकडे आल्या. मग बिल आलं.

बिल बेस्टचं. आणि बाबाही बेस्टचेच. वडाळा डेपो, कंडक्टर. तेव्हा त्यांना तीस वर्षं होत आली होती. बाबांनी चष्मा लावला, बिल पुढून-मागून वाचलं, घडी केली आणि देव्हाऱ्याखालच्या डब्यात ठेवलं. "भरू," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही कशाला, मी भरते." एसी माझा, पगार माझा, बिल माझं. फंडा क्लिअर. पण आकडा बघून माझाही घसा सुकला होता, कारण विजेचा दर स्लॅबने चढतो. पंखा आणि ट्यूबलाइटवर राहिलात तर स्वस्तात सुटता. एसी लावलात की वरच्या युनिटांना वरचा दर.

त्या वर्षी आमच्या ऑफिसात कॅन्टीनचा एकच विषय होता. तुम्ही बदलली का? बायको नव्हे, लाइटची कंपनी. गोरेगाव, मालाड, अंधेरीचे सगळे जण रिलायन्सकडून टाटाकडे जायचे फॉर्म भरत होते. युनिटचे दर क्रिकेटच्या स्कोअरसारखे पाठ झाले होते लोकांना. मी विचारलं, मला कुठे मिळेल फॉर्म? माझा टीम लीड हसला. "तू टाउनमध्ये राहतेस ना? तुला नाही."

दादर ईस्टला लागून असलेल्या आमच्या नायगावला कोणीतरी टाउन म्हटलं, याचा आनंद फार टिकला नाही.

भानगड काय होती ते सांगते, आणि अगदी थोडक्यात सांगते, कारण मी त्या काळात यावर इतकं वाचलंय की सुरू झाले तर थांबणार नाही. (कंपन्यांचे ताळेबंद वाचणं हेच माझं काम होतं. सवय वाईट.) २००३ च्या वीज कायद्याने एकाच भागात एकापेक्षा जास्त कंपन्यांना वीज विकायची मुभा दिली. टाटांकडे मुंबईचं लायसन्स पार जुन्या काळापासून होतंच. त्या लायसन्सवर ते फक्त मोठ्या गिऱ्हाइकांना वीज देऊ शकतात, की तुमच्या-आमच्या घरीही? यावरून रिलायन्सबरोबरचा वाद सुप्रीम कोर्टात गेला आणि जुलै २००८ मध्ये निकाल टाटांच्या बाजूने लागला. मग ऑक्टोबर २००९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने उपनगरातल्या लोकांना मोकळं केलं. कंपनी बदला, तारा त्याच राहतील. तारा एकाच्या, वीज दुसऱ्याची, आणि तारांचं भाडं बिलात.

कुलाब्यापासून इकडे माहीम आणि सायनपर्यंत मात्र बेस्ट. आणि बेस्ट ही साधी कंपनी नाही, तो महापालिकेचा उपक्रम. म्हणजे खुद्द शहराचा. कायद्यात अशा स्थानिक संस्थेला सूट आहे. तिने आपल्या तारा दुसऱ्याला वापरायला द्यायची सक्ती नाही. २००९ मध्ये बेस्टच्या हद्दीतल्या एका ग्राहकाने सरळ टाटांकडे वीज मागितली. तिथून प्रकरण आयोगाकडे गेलं, मग दिल्लीच्या ट्रायब्युनलकडे. दोन्हीकडे बेस्टच्या विरुद्ध लागलं आणि बेस्ट सुप्रीम कोर्टात गेली. थोडक्यात, एक शहर विजेच्या प्रश्नावर एका वीज कंपनीशी कोर्टात भांडत होतं. आणि गंमत अशी, की त्या काळात बेस्ट आपली जवळजवळ सगळी वीज विकत घ्यायची ती टाटांकडूनच.

हे शेवटचं मला बाबांनी सांगितलं.

एका रविवारी मटण शिजत होतं आणि मी तावातावाने आईला सांगत होते, की गोरेगावला चॉइस आहे आणि आपल्याला नाही, हा काय न्याय झाला. बाबा पेपर वाचत होते. पेपराच्या आडूनच म्हणाले, "अगं, आपल्याकडे येते ती टाटाचीच वीज आहे. खोपोलीचं पाणी, ट्रॉम्ब्याचा कोळसा. बेस्ट काय वीज बनवते होय?"

"मग मध्ये बेस्ट कशाला?" मी म्हटलं.

पेपर खाली आला. मला वाटलं आता ओरडतील. पण ते उठले, युनिफॉर्मच्या शर्टाला बटणं लावली आणि दुसऱ्या पाळीला निघून गेले. मटण त्यांनी रात्री एक वाजता खाल्लं, थंड.

मग मी तेच केलं जे मला येतं. आयोगाचा बेस्टच्या दराचा आदेश डाउनलोड केला आणि वाचत बसले. आणि तिथे मला ते सापडलं. ट्रान्सपोर्ट डेफिसिट लॉस रिकव्हरी. लाडाने टीडीएलआर. मराठीत सांगायचं तर बसला जो तोटा होतो तो लाइट बिलातून वसूल करायचा. माझ्या एसीच्या युनिटांमध्ये थोडी वीज होती, थोड्या तारा होत्या आणि थोडी बस होती.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? बेस्टच्या नावातच दोन्ही आहे. खरंय. १९०५ मध्ये जी कंपनी निघाली तिच्या नावात वीज होती आणि ट्रामही होती, कारण घोड्यांची ट्राम जाऊन विजेची यायची होती. १९०७ मध्ये ती आली. बस आली १९२६ मध्ये. ७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आदल्या आठवड्यात, पालिकेने सगळा कारभारच ताब्यात घेतला. तेव्हापासून लाइट आणि बस एकाच घरात. एक भाऊ कमावणारा, दुसरा खर्चिक, आणि आई दोघांची ताटं सारखीच वाढणार.

पण माझं डोकं फिरलं ते वेगळ्या कारणाने. बेस्टची लाल बस धावायची सगळ्या मुंबईत. दहिसरपर्यंत, मुलुंडपर्यंत, पार शहराबाहेरही. आणि तूट भरायचे फक्त बेस्टचे वीजग्राहक, म्हणजे कुलाबा ते सायन-माहीम. गोरेगावचा माणूस बसने फिरणार, युनिटमागे पैसे वाचवून कॅन्टीनमध्ये मला फॉर्म दाखवणार, आणि त्याच्या तिकिटाचा तोटा नायगावच्या चाळीतली माणसं भरणार. मी कागदावर सगळं मांडलं. एकदम सॉलिड केस होती. आजही मला वाटतं, की एवढ्या मुद्द्यात मी बरोबर होते.

चूक केली ती रात्री. बाबा डेपोत हिशेब भरून आले, हातपाय धुतले, आणि मी कागद घेऊन समोर बसले. सगळं समजावलं. त्यांनी ऐकलं. मग विचारलं, "रात्रीची शेवटची गाडी असते ना आमची, तिच्यात किती माणसं असतात सांग."

"किती?"

"तीन. कधी चार. एक वॉचमन, एक केईएमची नर्स, एक बेवडा. आता त्या गाडीचं डिझेल, माझा पगार, ड्रायव्हरचा पगार, सगळं धर आणि सांग, त्या नर्सला कितीचं तिकीट फाडू?"

मी सव्वीस… नाही, चोवीस वर्षांची होते. नवी नोकरी, नवा लॅपटॉप, नवा एसी. मी म्हटलं, "मग अशी गाडी चालवायचीच कशाला? बंद करा."

बाबा काही बोलले नाहीत. आईने स्वयंपाकघरातून, म्हणजे तीन पावलांवरून, माझ्याकडे जे बघितलं ते मला अजून आठवतं. ती गाडी बरीच वर्षं बाबांची होती. त्या वॉचमनच्या मुलीच्या लग्नाला आम्ही घाटकोपरला गेलो होतो. मी सातवीत होते, तिथे दोन आइस्क्रीम खाल्ली होती.

त्यानंतर घरात या विषयावर बोलणं बंद झालं. बिल यायचं, मी भरायचे. एसी लावला की बाबा पोटमाळ्यावरून उतरून गॅलरीत चटई टाकायचे. "गुडघे धरतात गारव्याने," म्हणायचे. धरतही असतील.

कोर्टातली केस मात्र चालू होती. खरं सांगायचं तर तोपर्यंत माझा इंटरेस्ट संपला होता. २०१३ मध्ये माझं लग्न झालं आणि मी राहायला गेले, ओळखा कुठे? गोरेगावला. तिथे मला चॉइस मिळाला. आम्ही दोघांनी एका संध्याकाळी दर बघितले, कंपनी बदलली, पिझ्झा मागवला. ऑफिसला जाताना स्टेशनपर्यंत मी बसने जायचे, कारण रिक्षावाले जवळचं भाडं घेत नाहीत. म्हणजे जो गोरेगावचा माणूस मी कागदावर उभा केला होता तो आता मीच होते. बसचा तोटा आई-बाबांच्या पंख्यावर चढत होता. हे मला पहिल्यांदा लक्षात आलं ते बसच्या रांगेत उभी असताना, आणि मी खरंच आजूबाजूला बघितलं, कोणी बघत नाही ना म्हणून.

मे २०१४ मध्ये बाबा रिटायर झाले. हार, नारळ, डेपोतला फोटो. नोव्हेंबर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. बेस्ट हरली. पण पूर्ण नाही, आणि हे मला फार मुंबईचं वाटतं. कोर्ट म्हणालं, बेस्ट स्थानिक संस्था आहे, तेव्हा तिच्या तारा दुसऱ्याला द्यायची सक्ती तिच्यावर नाही. पण टाटांकडे या भागाचंही लायसन्स आहे, आणि ग्राहकाने मागितलं तर त्यांनी आपल्या स्वतःच्या तारा टाकून वीज द्यायला हवी. त्यासाठी बेस्टची संमती लागत नाही. म्हणजे गिऱ्हाईक मोकळं, तार नाही. आता तार टाकायची म्हणजे रस्ता खोदायचा. आणि मुंबईत रस्ता खोदायचा तर परवानगी कोणाकडून घ्यायची? महापालिकेकडून. बेस्ट कोणाची? असो.

माझा भाऊ तेव्हा नुकताच कमवायला लागला होता. माझाच धाकटा भाऊ, त्याने लगेच अर्ज प्रिंट करून आणला. मीटर बाबांच्या नावावर, सही बाबांची लागणार. मी मुद्दाम त्या रविवारी नायगावला गेले. का गेले ते नीट सांगता येणार नाही. बाबा नाही म्हणतील, मग मी भावाला समजावीन, चार वर्षांपूर्वीचं ते वाक्य कुठेतरी मिटवता येईल, असं काहीतरी डोक्यात असावं.

बाबांनी चष्मा लावला. अर्ज पुढून-मागून वाचला. "कुठे?" विचारलं आणि सही केली.

"बाबा, तुम्हाला चालेल?" मी विचारलं.

"कोर्टाने सांगितलंय ना? मग झालं." पेनाचं टोपण लावत म्हणाले, "फक्त एक सांग. बसचं काय ते कोर्टाने सांगितलं का?"

नव्हतं सांगितलं. मी निकालाबद्दल सापडेल ते सगळं वाचलं होतं. तिथे प्रश्न लायसन्सचा होता, कलमांचा होता, तारांचा होता. नर्सचं तिकीट कितीचं, हा प्रश्न कोर्टापुढे कोणी ठेवलाच नव्हता. मला त्या क्षणी बाबांनी भांडायला हवं होतं. सही करून त्यांनी माझी पंचाईत केली.

आणि पुढे काय झालं? काहीच नाही. भावाने चौकशी केली तर आमच्या गल्लीत दुसरी केबलच नव्हती. चाळीतल्या एका मीटरसाठी कोण रस्ता खोदणार? अर्ज रेशनकार्डाच्या पिशवीत गेला तो गेला. आजही त्या खोलीत बेस्टचंच बिल येतं. तसं ते अख्ख्या टाउनमध्ये अजून बहुतेकांना बेस्टचंच येतं, दहा लाखांच्या आसपास ग्राहक आहेत. एवढी मोठी केस हरून बेस्टची गिऱ्हाइकं पळाली नाहीत.

पळाली ती टीडीएलआर. त्याच दशकात ही वसुली थांबली, आता बिलात बस नसते. मी कागदावर जे मागितलं होतं ते मिळालं. तूट मात्र कुठे गेली नाही. जानेवारी २०१९ मध्ये बेस्टच्या कामगारांनी नऊ दिवस संप केला. रिटायर होऊन पाच वर्षं होत आलेले बाबा रोज सकाळी थर्मासमधून चहा घेऊन डेपोच्या गेटवर जाऊन उभे राहायचे. माझ्या ऑफिसात त्या नऊ दिवसांत हाउसकीपिंगच्या मावश्या रोज उशिरा येत होत्या आणि ॲडमिनचा माणूस त्यांच्या नावापुढे लाल खुणा करत होता. मी त्याला जाऊन सांगितलं, संप आहे, त्यांना बसशिवाय काही परवडत नाही. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हाला काय माहीत, या बायका कारणं देतात." मी त्याला शेवटच्या गाडीतल्या तीन माणसांची गोष्ट सांगितली. त्याला काही ती कळली नाही. २०१० मध्ये मला तरी कुठे कळली होती?

त्याच वर्षी जुलैमध्ये तिकीट पाच रुपयांवर आणलं आणि पालिकेने बेस्टला मोठाल्या रकमा द्यायला सुरुवात केली. म्हणजे बसचे पैसे आता लाइट बिलाऐवजी पालिकेच्या तिजोरीतून. गोरेगावात घर आहे, प्रॉपर्टी टॅक्स मी भरते. चला, निदान गोरेगाव भरायला लागलं. मे २०२५ मध्ये कमीत कमी तिकीट दहा रुपये झालं, एसीचं बारा. नव्या गाड्या बहुतेक भाड्याच्या, ड्रायव्हर कंत्राटदाराचा. बाबांना हे अजिबात पटत नाही आणि ते दर भेटीत सांगतात.

परवा ते आमच्याकडे यायला निघाले, तर मी त्यांना आणायला नायगावला गेले आणि आम्ही दादरपर्यंत बसने आलो. इलेक्ट्रिक एसी बस. आवाज नाही, धूर नाही. बाबा पुढच्या दारापाशी कंडक्टरच्या सीटवर बसले, सवयीने. खिडकीवर बोट फिरवून पाहिलं, वर एसीच्या झोताखाली हात धरला.

"इतकी वर्षं लाइटच्या पैशांवर बस चालायची," म्हणाले, "आता सरळ लाइटवरच चालते."

मग माझ्याकडे वळून विचारलं, "ह्याचं युनिट कितीला पडत असेल गं?"

मी म्हटलं, बघून सांगते. माझं घरचं बिल गेली कित्येक वर्षं ऑटो-डेबिटने जातंय. युनिट कितीला पडतं, मला अजिबात माहीत नाही.